वळणाची गाडी वळणावर

जुनी मोटारसायकल नीट वळत नाही अशी तक्रार करणाऱ्या माणसाला 'मग सरळ जा' असा सल्ला देऊ नये. तो सल्ला त्याने आधीच अमलात आणलेला असतो. बांधावरून, घाणेरीच्या झुडपांतून आणि एकदा तर हुरडा पार्टीसाठी मांडलेल्या खुर्च्यांमधून तो सरळच गेलेला असतो. त्याला आता वळायचं असतं.

विंटेज गाड्या पाळणाऱ्यांत दोन घराणी आहेत. पहिलं रस्त्यावरचं. ही मंडळी रविवारी पहाटे क्रोम पुसून निघतात, हायवेवर मिसळ खातात, गाडीशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि ऊन चढायच्या आत घरी येऊन गाडीवर चादर घालतात. यांच्या गाडीला वळावं लागतं ते पार्किंगमध्ये. दुसरं घराणं मातीतलं. यांच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातली स्क्रॅम्बलर किंवा मोटोक्रॉसची गाडी असते. पुढे २१ इंची चाक, उंच मडगार्ड, रुंद हँडल. हेडलाइट नाही, कारण अंधार पडायच्या आत ती बंद पडतेच. ही गाडी त्यांना चालवायची असते चिखलात, खडीत, नांगरटीत, आणि तीही जोरात. दिसायला ती १९७०ची हवी, मडगार्डावरचा पोचासुद्धा मूळचा हवा. वळायला मात्र ती काल शोरूममधून काढलेली हवी. या दोन अपेक्षांच्या मधल्या फटीत जगभरच्या किती लेथवाल्यांची मुलं इंजिनिअर झाली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मुळात मोटारसायकल एका वेळी एकच गोष्ट मनापासून करते. सरळ जायला आवडणारी वळताना कुरकुरते, वळायला आवडणारी सरळ रस्त्यावर चुळबुळते. हे कशावर ठरतं ते बघायचं असेल तर मॉलमधली सामानाची ट्रॉली ढकलावी. तिच्या चाकाचा खिळा पुढे असतो आणि चाक त्याच्या मागे फरफटत येतं, म्हणून ते आपोआप सरळ होतं. मोटारसायकलचा फोर्क तिरका असतो. तो ज्या नळीत फिरतो तिची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे टेकते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असला की गाडी हट्टाने सरळ जाते, कमी असला की चपळ होते, आणि फारच कमी असला की भित्री.

जुन्या मोटोक्रॉस गाडीचा फोर्क उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला धरा. चाकाची त्रिज्या ३४५ मिलिमीटर, फोर्कचा ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस त्या नळीच्या रेषेच्या जितका पुढे असतो ते अंतर, ४५ मिलिमीटर. ट्रेल येतो सुमारे १४७ मिलिमीटर. कल एका अंशाने कमी केला की तो १४०वर उतरतो. एक अंश म्हणजे किती? कंपासपेटीतल्या कोनमापकावर तो आपल्याला डोळे बारीक करून शोधावा लागतो. ताशी साठच्या वेगाने खडीत शिरल्यावर तो आपल्याला शोधत येतो. त्यात आणखी एक मेख अशी की ऑफसेट वाढवला तर ट्रेल कमी होतो. 'फोर्क पुढे ढकलला म्हणजे ट्रेल वाढणारच' असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी इसम प्रत्येक गॅरेजवर असतो, आणि बहुधा पाना त्याच्याच हातात असतो.

आमच्या सोसायटीतले काका हे या मातीतल्या घराण्याचे. बँकेतून निवृत्त झाले आणि व्याजाचे दर सोडून फोर्कचे कोन पाहू लागले. गाडी जुनी टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव घेत नाही. पन्नास वर्षांपूर्वी विकलेल्या मालाचा जाब आता विचारणं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही जमणार नाही, आणि त्यांनी बिल्डरलाही सोडलेलं नाही. काकांचा पहिला उपाय म्हणजे लांब शॉकअप. मोटोक्रॉसच्या फोटोत गाड्यांची मागची बाजू उंच दिसते, म्हणून त्यांनी मागे लांब शॉकअप बसवले आणि गाडी मागून दोन इंच वर आली. रुबाब वाढला. काकूंना मागे बसता येईना, तोही काकांनी फायद्यातच धरला. पण मागचं टोक दोन इंच उचललं की पुढचा फोर्क दोन अंशांहून जास्त उभा होतो, आणि ट्रेलमधले पंधरा-सोळा मिलिमीटर कोणाला न विचारता निघून जातात. ताशी पन्नासला हँडलने मान हलवायला सुरुवात केली. आधी नाराजी म्हणून, मग ठाम नकार म्हणून.

दुसरा उपाय डँपर. ही चीज नवी नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या हँडलच्या मधोमध एक काळा गोल नॉब असे. तो आवळला की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि हँडल जड होई. आता तेलावर चालणारे डँपर मिळतात. ते हँडलचे झटके शोषतात आणि किंमत मालकाला शोषायला देतात. डँपर आजार बरा करत नाही, कण्हणं बंद करतो. काकांनी तो परदेशातून मागवला, पूर्ण आवळला, आणि गाडीचं झटकणं खरोखरच थांबलं. त्याऐवजी ती संथ लयीत डावीकडून उजवीकडे डुलू लागली. वेग वाढवला की लयही वाढे. काकांचं मत पडलं की डँपर अजून आवळायला हवा.

मग गाडी गॅरेजवाल्या उस्तादांकडे गेली. उस्तादांनी भूमितीबद्दल काही विचारलं नाही. इंजिनखाली विटा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं, फोर्कचे पाय खालून धरले आणि पुढेमागे ओढले. टक्‌टक् वाजलं. डँपर सोडवून बाजूला ठेवला आणि हँडल एका बोटाने फिरवलं. ते बरोबर मध्यावर येऊन 'खट्' करून बसलं.

"साहेब, कोनसेट गेलाय."

काकांचा चेहरा असा उतरला की उस्तादांनी पोऱ्याला चहा सांगितला. कोन मोजायला मोबाईलमध्ये अ‍ॅप घेतलेलं, ट्रेलची सूत्रं वहीत उतरवलेली, परदेशी डँपरवर कस्टम ड्युटी भरलेली, आणि निदान निघालं काही शे रुपयांचं! कोणालाही अपमान वाटेल. मोठ्या आजाराची तयारी केलेल्या माणसाला डॉक्टरने 'जरा पाणी जास्त पीत जा' सांगावं, तो हा प्रकार.

कोनसेटाची कहाणी अशी. जुन्या गाड्यांत फोर्क फिरतो तो वाट्यांमध्ये भरलेल्या सुट्या छर्‍यांवर. गाडी खड्ड्यात आपटते किंवा उडी मारून खाली येते तेव्हा हँडल बहुतेक वेळा सरळ असतं. म्हणजे प्रत्येक दणका त्याच त्या छर्‍यांमार्फत वाटीवरच्या त्याच त्या ठिपक्यांवर बसतो. काही वर्षांत तिथे बारीक खळगे पडतात आणि छर्रे त्यात घर करतात. हँडल मध्यावर आलं की 'खट्'. मालक खूश असतो, कारण गाडी सरळ जाण्यात पक्की झालीय असं त्याला वाटतं. वळायची वेळ आली की मात्र हँडल खळग्यातून उपटून काढावं लागतं, आणि उपटलेली वस्तू हवी तितकीच कधी येत नाही. मग ते थोडं परत येतं, परत खळग्यात. गाडी डुलते. दोष भूमितीला, डँपरला आणि शेवटी रस्त्याच्या ठेकेदाराला जातो. यावर उपाय जुना आणि निर्विवाद आहे: छर्रे काढून टेपर रोलर बेअरिंग बसवायचं. छर्रा एका ठिपक्यावर टेकतो, रोलर रेषेवर, त्यामुळे दणका पसरतो. पुण्याच्या नाना पेठेत पुरेसा वेळ आणि पुरेशी नम्रता घेऊन गेलं तर मापाचं बेअरिंग मिळतं. न मिळाल्यास लेथवाला रिंग फिरवून देतो. घट्टपणा मात्र हाताच्या अंदाजाने: खेळ राहता कामा नये आणि हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडायला हवं. हा अंदाज शिकवता येत नाही. उस्ताद तो नट आवळताना बोलणं थांबवतात.

पुढे उस्तादांनी मागचं चाक धरून आडवं हलवलं. मागचं चाक धरून ठेवणारा चिमटा लचकला, त्याचे बुश केव्हाच गेलेले. इथे मला मोटारसायकलच्या न्यायव्यवस्थेचा मूळ घोटाळा कळला. गुन्हा मागे घडतो आणि पकडलं जातं हँडल. गाडीवरचा हा एकच भाग सदैव माणसाच्या हातात असतो, म्हणून सगळ्यांच्या भानगडी त्याच्या नावावर लागतात. चिमटा लचकतो, हँडल बदनाम. रिमचा आऊट काढलेला नसतो, हँडल बदनाम. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या डांबरी रस्त्याच्या हिशेबाने तीस पौंड हवा भरतो, पुढचं चाक दगडावरून टणाटणा उडतं आणि मालक फोर्कचं तेल बदलतो. मातीत बारा-पंधरा पौंड पुरतात, फक्त टायर रिमवर घसरू नये म्हणून आतून रिमलॉक लावावा लागतो. हवा कमी करायला पैसे पडत नाहीत. बहुधा म्हणूनच हा उपाय सगळ्यात शेवटी सुचतो.

दोन्ही चाकं एका रेषेत आहेत की नाहीत हे बघायला लेसर मिळतो, पण सुतळी त्याहून खरं बोलते. मागच्या टायरभोवती सुतळी घेऊन ती दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणायची, दोन्हीकडचं अंतर सारखं आलं की झालं. काकांनी हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. फरशीवर गाल टेकून पडलेला ज्येष्ठ नागरिक आणि त्याच्याभोवती सुतळी हे दृश्य पाहून वॉचमनने आधी चेअरमनना फोन केला.

निदान चुकण्याच्या बाबतीत काका एकटे नाहीत. १९७१ साली सुझुकीने टीएम ४०० 'सायक्लोन' बाजारात आणली. त्याच वर्षी बेल्जियमचा रॉजर दे कोस्टर सुझुकीवर ५०० सीसीचा जागतिक विजेता झाला होता. अमेरिकेतल्या पोरांना वाटलं, तीच गाडी दुकानात आली. दुकानातल्या गाडीचं आणि दे कोस्टरच्या गाडीचं नातं आडनावापुरतं होतं. ही गाडी वळणात शिरेपर्यंत शांत असे आणि मध्येच अशी उसळे की स्वार वळणाच्या एका बाजूला आणि गाडी दुसऱ्या. 'हँडलिंग भयंकर' असा तिचा लौकिक झाला. चासी लवचिक होती आणि मागचे शॉकअप सुमार होते हे खरंच. पण मोठा वाटा इंजिनाचा होता. इग्निशनचं टायमिंग एका ठरावीक फेऱ्यांवर एकदम उडी मारायचं आणि ताकद थेंबाथेंबाने न येता बादलीने यायची. जाणत्यांनी फोर्कला हात न लावता जड फ्लायव्हील बसवलं. गाडी पुष्कळ सभ्य झाली. हँडल पुन्हा एकदा निर्दोष सुटलं, अर्थात तोवर कित्येक जणांची कॉलरबोनं जोडून झाली होती.

इंग्लंडमधल्या ग्रीव्हजची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिथे सुधारणा भलत्याच दारातून आली. बर्ट ग्रीव्हज आणि त्याचा चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब. डेरीला अर्धांगामुळे चालता येत नसे. त्याच्यासाठी बर्टने चाकाच्या खुर्चीला इंजिन लावलं, आणि त्यातून एसेक्समध्ये अपंगांसाठी तीनचाकी बनवणारी इन्व्हाकार कंपनी उभी राहिली. तिथला रबराच्या पिळावर चालणारा सस्पेन्शनचा विचार पुढे ग्रीव्हज मोटारसायकलमध्ये आला. पुढे लीडिंग-लिंक फोर्क, म्हणजे चाक आखूड दांड्यांवर पुढे धरणारा, त्यात स्प्रिंगऐवजी पिळलं जाणारं रबर; आणि चासीत पुढची नळी काढून तिच्या जागी अ‍ॅल्युमिनिअमचा ओतीव तुळईसारखा भाग. दिसायला ही गाडी म्हणजे कारखान्यात रात्रपाळीला दोन वेगवेगळी कामं एकत्र झाली असावीत अशी. पण ब्रेक दाबल्यावर साध्या टेलिस्कोपिक फोर्कची मान जशी खाली जाते तशी हिची जात नसे, त्यामुळे कोन जागेवर राहत. डेव्ह बिकर्सने हिच्यावर १९६० आणि १९६१ला २५० सीसीचं युरोपियन अजिंक्यपद जिंकलं. फोटो पाहून हसणाऱ्यांना तो मागून दिसला.

काकांच्या लांब शॉकअपचं पापही थोडं बेल्जियमच्याच माथी जातं. ल्युसियाँ टिलकेन्स या बेल्जियन अभियंत्याने दोन शॉकअपऐवजी टाकीखाली एकच लांब शॉकअप ठेवायची कल्पना काढली. यामाहाने ती घेतली आणि १९७३ साली हाकान अँडरसनने २५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद पटकावलं. त्याआधी मागचं चाक वरखाली जायचं सुमारे ४ इंच. पुढच्या दशकभरात कारखान्यांची अशी अहमहमिका लागली की तो आकडा १२ इंचांच्या आसपास गेला आणि बुटक्या स्वारांना गाडीवर चढायला दगड शोधावे लागू लागले. कारखान्यांनी मागचं टोक उचलताना पुढचंही उचललं, कोन बदलले, चासी नव्या केल्या. घरगुती सुधारक मात्र फक्त मागचे शॉकअप बदलतो, कारण ते चार बोल्टांचं काम आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत, निदान खऱ्या विंटेज वर्गांत, पुढे ७ आणि मागे ४ इंचांहून जास्त प्रवास चालत नाही. टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे गाडीचा मालक निरागस उभा राहतो, आणि तो चेहरा मी आयकर कार्यालयाबाहेरही पाहिला आहे. स्कॉटलंडच्या किनलॉकलेव्हनमध्ये १९६५पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांची ट्रायल्स दरवर्षी होते. तिथल्या कित्येक गाड्या बाहेरून आजोबा आणि आतून नातू असतात: जुन्या दिसणाऱ्या नळ्यांत नव्या जमान्याचं डँपिंग, नव्याने ओढलेली चासी, आणि टाकीवर तेवढं जुनं नाव. नियमाला फसवायला लागणारी कारागिरी मूळ गाडी बनवायला लागलेल्या कारागिरीहून सरस असावी अशी मला शंका आहे. माझं मत विचाराल तर हे सगळं क्षम्य आहे. म्हातारी चासी जिवंत ठेवायला कोणी इतकी लबाडी करत असेल तर तिला प्रेम म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मातीत जुनी गाडी वळवण्याचं शास्त्र शर्यतीवाल्यांनी नाही, दूधवाल्यांनी पूर्ण केलं. त्यांची राजदूत मोटारसायकल मूळ पोलंडच्या एसएचएलच्या घराण्यातली, आणि सुरुवातीच्या राजदूतला पुढे ग्रीव्हजच्या नात्यातलाच लीडिंग-लिंक फोर्क होता. खेडोपाडी ती दूध वाहू लागली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे ४० लिटरची कॅनं लटकली. दुधाचंच वजन ८० किलोंच्या वर, आणि तेही मागच्या आसाच्या मागे. पुढचं चाक हलकं होतं, हँडल रेडिओच्या बटणाइतकं मऊ होतं आणि ओल्या चढावर गाडी कुठे जाईल ते गाडीच ठरवते. दूधवाल्याने कोनमापक आणला नाही. तो सीट सोडून टाकीवर सरकून बसला. पुढच्या चाकावर वजन आलं, टायरने माती धरली आणि गाडी वळली. मोटोक्रॉसच्या प्रशिक्षकांना हीच गोष्ट शिकवायला आजही घसा कोरडा करावा लागतो: वळणात पुढे सरका, जवळजवळ टाकीवर बसा, आतला पाय पुढे टाका.

उस्तादांनी काकांची गाडी तयार करून दिली. टेपर बेअरिंग, नवे बुश, मूळ लांबीचे शॉकअप, पुढे बारा पौंड हवा. काकांनी वाकडच्या पलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर ती फिरवली आणि परत येऊन म्हणाले, "फारच सुधारली. पण वळताना पुढचं चाक अजून थोडं बाहेर जातं. उस्ताद, फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये दहा मिलिमीटर वर सरकवल्या तर ट्रेल तीन मिलिमीटर कमी होईल. मी गणित केलंय."

उस्तादांनी काकांना गाडीवर बसायला सांगितलं. काका बसले, सीटच्या पार मागच्या टोकाला, बँकेत खुर्चीत टेकून बसत तसे, हात लांब, पोट निवांत. उस्तादांनी गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"साहेब, नळ्या राहू द्या. तुम्हीच एक वीतभर पुढं सरका."

काका सरकले. पण सवयीचा माणूस बोलता बोलता मागे येतोच. शेवटी उस्तादांनी पोऱ्याला हाक मारून सीटच्या मध्यावर फोमचा उंचवटा शिवून घेतला, म्हणजे मागे सरकायची सोयच राहिली नाही. बिलात त्याची नोंद 'हँडल काम' अशी आहे.